तेवढं एकच कार्ड पेन्सिलीत

बसा. दिवा जरा तुमच्याकडे सरकवते. या खोलीत भरदुपारीही अक्षर लागत नाही. पुस्तकासाठी कार्डं न्यायला प्रकाशकांनी तुम्हालाच पाठवलं, बरं झालं. तुम्ही फार बोलत नाही.

हा खोका माझ्या धाकट्या बहिणीचा. बावीस वर्षं आम्ही दोघींनी एकाच कॉलेजात साहित्य शिकवलं, पण गर्दी व्हायची ती तिच्या तासाला. जुन्या नाटका-कादंबऱ्यांतला एकेक खलनायक तिने असा कार्डावर मांडलाय: काय केलं, कशासाठी केलं. आधी पेन्सिलीने. त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने कबुली दिलेली सापडली, तरच शाईने गिरवायची. "तोवर तो आपला नुसता तर्क, ताई," म्हणायची. अक्षर बघा, मोत्यासारखं. माझा अजून जळफळाट होतो.

शेवटच्या संध्याकाळी आमचं इथेच वाजलं. मी म्हटलं, गादीसाठी सख्ख्या भावाला मारणारा सगळ्यांत वाईट. ती हसली.

"त्याला निदान गादी तरी मिळते, ताई. सुडाने पेटलेल्याचंही काहीतरी दुखलेलं असतं. मत्सरी माणसाला स्वतःसाठी काहीच नको असतं. समोरच्याकडे ते नसावं, एवढंच. मला भीती वाटते ती त्याची."

असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिचा दमा उसळला, तोंडात मारायचा पंप वेळेत सापडेना. ती त्यातच गेली.

मुखपृष्ठावर नाव माझं येणार आहे, आणि येऊ दे. आयुष्यात एकदा तरी. पण महिन्यापूर्वी कार्डं लावताना हे हाती लागलं. सगळ्यांत तेवढं एकच पेन्सिलीत. अक्षर तिचंच. 'थोरली बहीण. काय केलं: पंप शोधत राहिली. कशासाठी: मत्सर.'

तीनदा खोडलं मी. चुरा झटकून खोका बंद करते, आणि सकाळी पुन्हा... तिच्या औषधाचा वास येतो. आत्ताही... ऐकलंत? ती छातीतली शिट्टी...

वारा म्हणता? खिडकी बंद आहे.

मी खरंच शोधत होते हो. सगळे खण उपसले. ती माझ्या हाताकडे बघत होती... पंप माझ्या मुठीतच होता. मला माहीत होतं. तरी मी रिकामे खण उघडत राहिले... उद्यापासून तिच्या वर्गात कुणी नसेल, एवढंच डोक्यात होतं.

सुटले बाई. आता हा खोडरबर घ्या, तुम्हीच घासा. तुमच्या हाताने जाईल कदाचित. पेन्सिलच तर आहे.

का थांबलात? बोटाला काय लागलं तुमच्या? बघू...

शाई. ओली आहे अजून... आणि तरी बघा, एक अक्षर फिसकटलं नाही तिचं. मला हे कधीच जमलं नाही.