विश्वजीतची अर्धी जागा

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसा. सायली माझी मावसबहीण आहे, आणि शपथ घेऊन थापा मारणारी ती मुलगी नव्हे.

गाव केंदूर, तालुका शिरूर. दिवाळीनंतरचा रविवार. रात्र-बित्र काही नव्हती... चांगली भर दुपार होती.

लॅपटॉप तिच्या थोरल्या भावाचा, विश्वजीतचा. कुरकुंभला कामाला होता. दोन वर्षांपूर्वी दौंडजवळ गाडीवरून पडला, तो गेलाच.

माईक चालतो का बघायला त्यानं एकदा त्यात स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला होता.

"आई, जेवलीस का? माझी वाट नको बघू. जेवून घे."

बस, एवढंच. पण तो गेल्यापासून सरूमावशी रोज संध्याकाळी ते ऐकायची, मगच ताटाला हात लावायची. त्यानं विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

सायलीला शिरूरच्या कॉम्प्युटर क्लाससाठी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम, हवी होती. तिनं ठरवलं, जुनं विंडोज तसंच ठेवायचं आणि शेजारी लिनक्स टाकायचं. रेकॉर्डिंगची कॉपीही आधी पेनड्राइव्हवर घेतली. वेंधळी नाही हो ती!

स्क्रीनवर प्रश्न आला, नव्याला किती जागा द्यायची? तिनं बरोबर निम्मी दिली.

"वाटणी करतीस व्हय?" मावशी मागून म्हणाली. "त्याला इचारलंस का?"

"अगं आई, लॅपटॉप हाय ह्यो. शेत न्हाई!"

मावशी हसली नाही.

पुढं वापरणाऱ्याचं नाव विचारलं. चौकट रिकामी असायला हवी होती... तिथं आधीच लिहिलेलं होतं.

विश्वजीत.

जुन्यातूनच आलं असेल, असं म्हणत सायलीनं ते खोडलं आणि स्वतःचं नाव टाकलं.

काम झालं. आता लॅपटॉप चालू केला की कुठलं उघडायचं ते निवडायला दोन ओळी दिसायच्या. वरची नवी, खालची जुनी.

संध्याकाळी जुन्यात जाऊन तिनं रेकॉर्डिंग लावलं.

"आई, जेवलीस का? माझी वाट नको बघू..."

आणि शांतता. "जेवून घे" नव्हतंच.

पेनड्राइव्ह लावला. तिथंही नव्हतं!

दुसऱ्या दिवशी "नको बघू" गेलं. मग "माझी वाट" गेलं.

घाबरून सायलीनं लिनक्स काढून टाकलं. लॅपटॉप पुन्हा चालू केला... दोन्ही ओळी जागच्या जागी.

पाचव्या संध्याकाळी आवाज आला, "आई..."

बस्स.

मावशी भरल्या ताटापुढं बसून राहिली. "आज त्यानं इचारलंच न्हाई गं," म्हणाली आणि ताट सरकवलं.

सायलीनं रडत रडत वरची ओळ उघडली. तिथं एकही फाईल नव्हती. तरीही...

"सायली, जेवलीस का?"

तोच आवाज. अगदी स्वच्छ.

"आई! आई, ऐक, दादा बोलतोय!"

मावशीनं लॅपटॉपला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"कुठं गं? मला तर काईच ऐकू येत न्हाई."

ताट सरकवलं त्याला आज सहावा दिवस. मावशी नुसत्या पाण्यावर आहे. काल मी स्वतः जाऊन आले, तिच्या हातापाया पडले. लॅपटॉपलाही कान लावून बघितला. मला काहीच ऐकू आलं नाही.

पण शेजारी बसलेली सायली एकदम दचकली. मान खाली घालून हळूच म्हणाली, "व्हय दादा, जेवले मी."

सकाळपासून तिनंही काही खाल्लं नव्हतं.