येसूबाई गाडीत बसल्या

सुहास त्या दिवशी सकाळी गुहागरला गेला तो फक्त पेट्रोल आणायला. दोन मोठे कॅन रिक्षात चढवताना रिक्षावाल्याने विचारलंच, "काय मास्तर, वाडीत पंप टाकताय काय?" सुहास नुसता हसला. रत्नागिरीत शाळेवर असलेल्या माणसाने भर रस्त्यात खरं कारण सांगितलं असतं, तर लोकांनी त्यालाच शाळेत बसवलं असतं.

कारण तसं साधं होतं. वडिलांचं तेरावं आदल्या दिवशी उरकलं होतं आणि आज आईला, येसूबाईंना, वडिलांच्या गाडीतून फिरवून आणायचं होतं. यात भिण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. ज्याला येसूबाई ठाऊक नाहीत आणि ती गाडी ठाऊक नाही, त्याने खुशाल म्हणावं.

गाडी होती लॅम्बोर्गिनी. नाव ऐकलं की जमिनीला पोट टेकून सुसाट पळणारी चपटी गाडी डोळ्यांपुढे येते. ही तसली नव्हे. त्याच कंपनीने एके काळी वाळवंटात चालवायला जीपसारखी एक दांडगी गाडी काढली होती. जगभरात मिळून तीनेकशे झाल्या असतील. पुढे बारा सिलिंडरचं इंजिन, खाली ट्रॅक्टरला शोभतील असे टायर आणि आत राजाने बसावं अशी कातडी गादी. त्यातली एक सड्यापलीकडच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळापलीकडच्या वाडीत, फणसाखाली पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. सुहासचे वडील आत्माराम आखातात एका बड्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. व्यापारी वारला तेव्हा मुलांनी बापाचा जुना माणूस म्हणून ती गाडी त्यांनाच देऊन टाकली. ती बोटीतून मुंबईला कशी उतरली, तिचे कागद कसे झाले, हे आत्माराम दर वेळी वेगळं सांगायचे.

वाडीने तिचं नाव ठेवलं होतं 'वरातीमागून घोडं'. हे नाव थट्टेतलं वाटतं, पण ते कुणी हसून घेत नसे. आत्माराम तिकडे परक्याची मुलं त्या गादीवरून शाळेत सोडत होते, तेव्हा इकडे त्यांची पोरगी मैना तापाने फणफणली होती. वाडीत सायकल सोडून दुसरं वाहन नव्हतं. बाप्ये बहुतेक मुंबईला. येसूबाई आणि दीर धोंडू, दोघांनी आळीपाळीने पोरीला पाठुंगळी मारून भर पावसात गुहागरच्या दवाखान्यासाठी सडा चढला. पलीकडच्या उतारावर वहाळ लागतो, पावसाळ्यात फुगणारा ओढा. तिथपर्यंत पोर खोकत होती. वहाळ ओलांडायच्या आधी खोकला थांबला. सुहास तेव्हा पाळण्यात होता.

पुढे आत्माराम ती गाडी घेऊन आले. दारात उभी करून बायकोला म्हणाले, "आता आपल्याकडे गाडी हाय." येसूबाईंनी गाडीकडे पाहिलं आणि अख्ख्या वाडीदेखत सांगितलं, "मी जित्ती हाय तवर त्या गाडीत पाय ठेवणार नाय." आणि शब्द पाळला. तोवर वाडीत रिक्षा आल्या, मग बोलावली की अँब्युलन्सही येऊ लागली. आत्मारामच्या गाडीची गरज कुणालाच पडली नाही. तरी ते रोज संध्याकाळी इंजिन चालू करून बघायचे. गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे.

दहाव्याला कावळा शिवेना. फांदीवर बसून होता, पण पिंडाकडे बघतही नव्हता. सुहासने आईला सांभाळण्याचं वचन दिलं. धोंडूकाकांनी बागेतली वाट मोकळी करण्याचं दिलं. गाडी विकणार नाही, असंही सुहासने सांगून पाहिलं. कावळा ढिम्म. भटजी दर्भाचा कावळा करायच्या बेतात होते, तेवढ्यात मागे बसलेल्या येसूबाई उठल्या. पदर सावरून एवढंच म्हणाल्या, "बसतंय मी तुमच्या गाडीत. शिवा आता."

कावळा सरळ खाली आला.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. फक्त धोंडूकाकांचा चेहरा उतरला. आज शेडमध्ये सुहास पेट्रोल ओतत होता तेव्हा ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "नको रे बसवू तिला. जित्ती हाय तवर नाय, असं बोललीय ती. आता बसणार म्हणते. तू मास्तर हायस ना... हिशेब कर."

सुहासने तो हिशेब केव्हाच केला होता. बाप गेल्यापासून आईचा जेवणाचा घास लहान झाला होता. पण कावळ्याला दिलेला शब्द मोडायचा, तोही आईने दिलेला, हे त्याच्याने होणार नव्हतं. तो मनातून हादरला होता आणि आईसमोर तसं दाखवत नव्हता.

दुपारची जेवणं झाल्यावर येसूबाई धुवट लुगडं नेसून आल्या. पुढे न बसता मागच्या गादीवर चढल्या आणि दाराशी एका कडेला बसल्या. बाकीची गादी मोकळी ठेवली.

"ऐसपैस बस की आई."

"बसलंय तशी बरी हाय."

गाडीचं स्टीअरिंग डाव्या बाजूला आणि क्लच भलता जड. सुहासला तो कधीच नीट दाबता आला नव्हता. वडील हसायचे, म्हणायचे, भात खा जरा. आज त्याने पाय ठेवला आणि क्लच अलगद खाली गेला. जणू त्याच्या आधीच कुणाचा तरी पाय तिथे होता. इंजिन घुमलं, शेडचे पत्रे थरथरले, आणि गाडी अंगणाबाहेर पडली. धोंडूकाका हात जोडून उभे होते.

सड्यावर देवळापर्यंत जाऊन परतायचं, असं ठरलं होतं. वर पोचेपर्यंत धुकं उतरलं. श्रावणात सड्यावर भरदुपारी असं होतं, त्यात नवल नाही. कातळ दिसेना, गवत दिसेना, बॉनेटच्या पुढचं जगच पुसून गेलं. काचा बंद होत्या, तरी आत ओल्या घोंगडीचा वास यायला लागला. त्यात आणखी एक वास होता. तापाच्या माणसाच्या उशाशी येतो तसा, कोंदट आणि गोडसर.

मग खोकला ऐकू आला. बारीक, कोरडा.

"आई... थंडी वाजतेय का?"

"मला नाय."

सुहासने आरशात पाहिलं. आई बाहेर बघत होती. तिचा एक हात, मांडीवर कुणी निजलं असावं तसा, हळूहळू थोपटत होता.

देवळाचा फाटा आला. सुहासने स्टीअरिंग वळवलं. ते वळलं नाही. जोर लावला तरी नाही. वाट माहीत असलेल्या माणसाने धरावं तसं ते सरळ धरलेलं होतं, आणि गाडी जुन्या रस्त्याने गुहागरच्या उताराला लागली. या रस्त्याने आता कुणी जात नाही. खाली फक्त जुना दवाखाना आहे, नवा झाल्यापासून कुलूप लावलेला.

"सुहास, सावकाश हाक... धक्का बसतो तिला."

कुणाला, हे त्याने विचारलं नाही.  आपण एकुलते म्हणून वाढलो त्या घरात आधी आणखी एक पोर होतं, हे त्याला माहीत होतं. पण त्या पोराची त्याला अशी भीती वाटेल आणि असा कळवळाही येईल, हे माहीत नव्हतं.

वहाळाचा आवाज आला. पाणी तांबडं आणि भरपूर होतं. येसूबाई पुढे सरकल्या. त्यांचा आवाज लहान झाला होता.

"हितंच... हितंच रे... थांबू नका ओ. थांबू नका तुमी."

हे सुहासला म्हटलेलं नव्हतं.

गाडी पाण्यात शिरली. चारी चाकांनी दगड धरले. खोकला थांबला.  सुहासला आईचा श्वासही ऐकू येईना. त्याने आरशात पाहायचं धाडस केलं नाही. पाणी दाराला लागलं, इंजिन गुरगुरलं, पुढची चाकं काठावर चढली, मग मागची.

आणि पलीकडच्या काठावर खोकला पुन्हा आला.

येसूबाई हुंदका देऊन हसल्या. "झालं हां मैने. आलाच दवाखाना."

जुन्या दवाखान्यासमोर गाडी आपणहून थांबली. मागचं पलीकडचं दार उघडून पुन्हा लागल्याचा आवाज झाला आणि गाडीचं अंग एका बाजूने जरासं वर उचललं गेलं, ओझं उतरल्यावर उचलतं तसं. सुहासने चावी फिरवून बाहेर काढली आणि तो खाली उतरला. आईचं दार उघडलं. हात धरला. हात थंड होता, पण नाडी लागत होती. तो तिथेच चिखलात बसून रडला.

"उठ रे. मास्तर ना तू?" येसूबाई खाली उतरून ओसरीच्या बाकावर बसल्या. "लई वर्सं झाली हितं बसायचं ऱ्हायलंवतं."

"आई, चल. झालं ना सगळं? आपण रिक्षाने घरी जाऊ."

"रिक्षानं कशाला?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. चावी त्याच्या मुठीत होती आणि गाडी चालूच होती. बारा सिलिंडर संथ लयीत घुमत होते.

पाऊस सुरू झाला. कुलूप लावलेल्या दाराच्या आतून पावलं यायला लागली. एक मोठ्या माणसाची, वडील टाकायचे तशी दमाने टाकलेली. दुसरी लहान, मध्येच धावणारी, मध्येच थांबणारी. खोकला नव्हता.

येसूबाई उठल्या. या वयात शोभणार नाही इतक्या चपळाईने गाडीत चढल्या आणि कडेला सरकून बसल्या. त्यांचा चेहरा इतका उजळलेला सुहासने आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्यामुळेच त्याने गाडीचं दार घट्ट धरलं.

"आई... घरी पोचल्यावर तू उतरशील ना? आई?"

येसूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या दवाखान्याच्या दाराकडे बघत होत्या.

"ते पलीकडचं दार उघड आधी," त्या म्हणाल्या. "पोर भिजतेय."