चौथा पट्टा

हे घडलं तेव्हा टळटळीत दुपार होती. आधीच सांगून ठेवते, कारण भूत म्हटलं की लोकांना अंधार लागतो, आणि माझ्या हकिकतीत तो नाही. गेल्या सप्टेंबरची एकोणीस तारीख, दुपारचे दोन, डोंगरातल्या बुझेतहून समुद्रकाठच्या रिएकाला जाणारा रस्ता. माझ्या शेजारी माझा दीर दोरियान बसला होता. हवं तर त्याला विचारा. तो सांगणार काहीच नाही, पण खोटं आहे असंही म्हणणार नाही.

माझा नवरा लिव्हियो बावीस वर्षं डोंगरचढणीच्या शर्यतींत गाडी पळवायचा. लाल, बुटकी, दोन सीटची गाडी. शर्यतीच्या गावापर्यंत ती ट्रेलरवर जायची, चार पट्ट्यांनी जखडून.

तीन पट्टे तो बांधायचा. चौथा, मागचा उजवा, माझा.

"दुसरा हात लागला की चूक दिसते," म्हणायचा. प्रत्येक पट्ट्याला तो अर्धा पीळ द्यायचा, कारण सपाट पट्टा वाऱ्यात गुणगुणतो, पिळलेला गप्प राहतो. चौथ्यालाही पीळ देऊन टोक माझ्या हातात द्यायचा. मी पट्टा आवळायचा खटका ताणायची, पट्ट्यावर थाप मारायची आणि म्हणायची, "धरलंय." मग दहा किलोमीटरवर, रोचच्या फाट्यावर, पुन्हा थांबायचं. धक्क्यांनी गाडी खाली बसते, पट्टे सैल पडतात. ते परत ताणायचे.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्याला शर्यती बंद करायला सांगितलं. हृदय थकलं होतं. तो ऐकेना. मी दारातूनच म्हणाले, "मग चौथा तुझा तूच बांध."

तो एकटाच गेला.

रोचच्या फाट्यावर पोस्टमनला तो सापडला. मागच्या उजव्या चाकापाशी, गुडघ्यांवर. हातात उघडा खटका, हृदय बंद पडलेलं.

पट्टा सैल होता.

सप्टेंबरात मी गाडी विकली. रिएकाचा एक दातांचा डॉक्टर घेणार होता. चारही पट्टे मीच बांधले. पीळ द्यायला गेले, पण ते त्याचं काम. नाही दिला. उरलेली टोकं मात्र नेहमीसारखी फुलगाठ मारून बांधली.

"निवेस, गाडी बांधतेयस की लग्नातली भेट?" दोरियान म्हणाला.

"तू गप बस आणि हँडब्रेक बघ."

"बघितला. गिअरमध्येही टाकलीय. आमच्या लिव्हियोपेक्षा तू खाष्ट निघालीस."

ट्रेलर जोडून निघालो. चालवत मी होते. पट्टे गुणगुणू लागले. चार पट्टे, चार वेगवेगळे सूर.

रोचचा फाटा दिसला.

"थांब, दहा किलोमीटर झाले. पट्टे बघायला हवेत," दोरियान म्हणाला.

"पुढे बघू."

"अगं, सैल पडले असतील."

"पडू देत. तिथे मी पाय ठेवणार नाही, दोरियान."

फाटा मागे गेला. मी आरशात बघितलं नाही.

मग उच्का डोंगरातला लांबलचक, दिव्यांनी उजळलेला बोगदा लागला. आत गुणगुण दुप्पट झाली. भिंतींवर आपटून परत येत होती.

आणि मग...

एक सूर थांबला.

मी वेगाचा काटा बघितला. तो जागचा हलला नव्हता.

थोड्या वेळाने... दुसरा.

दोरियानने काच खाली केली. "हळू केलीस का?"

"नाही."

आणि मग... तिसरा.

आता एकच पट्टा वाजत होता. मागून, उजवीकडून. मध्येच फडफडत होता.

"बाहेर पडल्या पडल्या थांब," दोरियान हळूच म्हणाला.

बोगद्याबाहेरच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली. उतरलो.

तीन पट्ट्यांना अर्धा अर्धा पीळ होता...

पीळ द्यायचा तर पट्टा पूर्ण सोडावा लागतो. माझ्या फुलगाठी होत्या तशाच होत्या. खटके बंद.

चौथा सपाट होता. आणि इतका सैल, की खालून माझी अख्खी मूठ गेली. तिथून समुद्रापर्यंत नुसता उतार आहे.

"तूच पीळ दिला असशील," दोरियान म्हणाला. "आठवत नसेल तुला."

"तू समोर उभा होतास ना?"

त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि जाऊन आपल्या सीटवर बसला.

मी मागच्या उजव्या चाकापाशी गुडघे टेकले. पट्टा सोडला, पीळ दिला, खटका ताणला. थाप मारली.

"धरलंय," म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "मी यायला हवं होतं रे त्या दिवशी."

डोळे पुसले आणि गाडीत येऊन बसले.

रिएकापर्यंत चारही पट्टे गप्प होते. दातांच्या डॉक्टरने गाडी उतरवून घेतली.

लोक विचारतात, भीती नाही वाटली? नवराच आला, त्याची कसली भीती. मला दुसरंच काहीतरी खातंय. तीन पट्टे त्याने बांधले आणि चौथा सोडला. तो माझा म्हणून राखून ठेवला होता? की त्या दिवशी दारातून मी त्याला जे म्हणाले होते, तेच तो मला म्हणत होता?

हे त्यालाच विचारायचं आहे. म्हणून अधूनमधून मी रिकामा ट्रेलर जोडते, त्यावर चार पट्टे सपाट ताणते आणि निघते. आता रोचच्या फाट्यावर थांबते. मग बोगद्यातून जाऊन परत येते.

चारही गुणगुणत राहतात. एकही थांबत नाही.