रंग सुकेपर्यंत

धामापूरच्या तळ्यातून निघणाऱ्या पाटावर मी कपडे धूत होते. अचानक पाणी निळं झालं! वर पाहिलं, तर एक उंच तरुण खुशाल कुंचे धूत बसलेला.

"हयसर रंग कित्याक धुतंस रे? गुरां पाणी पितत!"

"नीळ आसा गो. फार तर निळा दूध देतली."

मला हसू आवरेना. तो मालवणचा गुरुदास, घरं रंगवणारा. परुळेकरांकडे काम करत होता. "शंकरान मुंबैसून कळवल्यान, व्हकलेक आवडात तो रंग खोलयेक देवा. आता ती व्हकल माका खंय गावतली?"

"गावली," मी म्हटलं आणि लाजून मान खाली घातली. परुळेकरांच्या शंकरची ती होणारी नवरी मीच होते.

लग्नाआधी सासरी पाऊल टाकायचं नाही, म्हणून गुरुदासच कौलाच्या तुकड्यांवर रंग लावून पाटावर आणू लागला. माझी आवड आजवर कुणी विचारलीच नव्हती. मी भलतीच चोखंदळ झाले.

"ओलो रंग गडद दिसता, सुकलो काय फिको पडता," तो म्हणायचा. "जरा थांबाक व्हया."

मग आम्ही थांबायचो… शेजारी शेजारी, तुकड्याकडे बघत.

"पिवळो मागणारी मनातल्या मनात हसता. हिरवो मागणारी भांडता."

"आणि कायच पसंत न करणारी?"

"तिका…" तो माझ्याकडे बघून थांबला. "तिका घराक जावचा नसता."

खरंच नव्हतं. बरे रंगसुद्धा मी उगाच नाकारत होते, आणि त्याला ते कळत होतं.

एके दिवशी त्याने जांभळट तुकडा आणला. नीळ आणि किंचित गेरू. संध्याकाळी तळ्यावर उतरतो, अगदी तसा. माझे डोळे भरून आले.

"ह्यो मी कोणाक दिवक नाय," तो हळूच म्हणाला. "माझ्या घरासाठी ठेवललो… आनंदी, तू येशीत?"

किती सोपं होतं हो म्हणणं! पण नारळ दिला-घेतला होता, बाबांनी शब्द दिला होता. आणि शंकरचं काय चुकलं होतं? त्यानेच तर माझी आवड विचारली होती.

"गुरुदास, खोलयेक पांढरो दी. नुसतो चुनो."

"कित्याक गो?"

"तुझ्या रंगात दुसऱ्याबरोबर माका रवाक जमाचा नाय."

तुकडा अजून ओला होता, तसाच उचलून तो निघून गेला. मी रडू लागले.

लग्न झालं. खोली पांढरीशुभ्र होती. शंकर बिचारा भिंतींकडे बघून खट्टू झाला.

"तुका एकय रंग आवडाक नाय? पुढल्या वर्साक गुरुदासाक परत बोलवया."

"नको!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की तो दचकला. मग पदर सावरत हळूच म्हटलं, "माका पांढरोच बरो."