बसल्या जागी साडेतीन हजार

"मला एवढंच सांगा, मी रोज फोनवर बघायचे ती नाडी पप्पांचीच होती ना?"

स्टेलाने काळा पट्टा टेबलावर ठेवला. भिंगारच्या खासगी तपासाच्या छोट्याशा कचेरीत राजेश्वरीबाई चष्मा पुसत होत्या आणि मदतनीस बिभीषण टिपून घेत होता.

स्टेलाचे पप्पा, बेलापूर गावचे यशया मास्तर, महिन्यापूर्वी झोपेतच गेले. नाडी आणि पावलं मोजणारा हा पट्टा लेकीने पुण्याहून पाठवलेला. ती फक्त नाडी बघायची. पावलांचे आकडे तिने काल पहिल्यांदा उघडले. रविवार सोडून रोज दुपारी दोन ते तीन, साडेतीन हजार पावलं!

"गुडघे गेलेले. भिंत धरून चालायचे. म्हणजे पट्टा दुसऱ्याच कुणीतरी घातलेला आणि मी इकडे निर्धास्त."

राजेश्वरीबाईंनी तिच्या फोनवरचा आलेख पाहिला. "नाडीची रेघ रोज सकाळी तुटते."

"आंघोळीला काढायचे."

"दुपारी मात्र अखंड. बासष्ट, त्रेसष्ट."

तासाभराने तिघं बेलापुरात होती. शेजारचे काकासाहेब ओट्यावरच भेटले.

"दुपारी तुम्ही फिरायला जाता?" बिभीषणने दरडावलं.

"जातो की! पन मास्तरांचा पट्टा मी कशाला घालू? मनगट बघा माझं, मुसळ हाय!"

आत मास्तरांच्या खुर्चीवर शाल तशीच होती. राजेश्वरीबाईंनी ती हुंगली.

"वेखंड."

"सर्दी असेल," बिभीषण म्हणाला.

त्या वर बघत होत्या. तुळईला दोन कड्या होत्या. बाहेरून गंजलेल्या, आतून घासून चकाकणाऱ्या.

मास्तरांचं सगळं बघणाऱ्या राहीबाई दारात उभ्या होत्या. "मला काय बी ठाव न्हाई. मी दुपारची भांडी घासायचे. रविवारी तर मी येतच नव्हते."

"ताई, हिनेच घातला असणार!" बिभीषण कुजबुजला.

"पट्टा हातातून निघाला की रेघ तुटते, बिभीषण. दुपारी ती तुटलीच नाही. म्हणजे हात मास्तरांचाच. चालणाऱ्याची नाडी वाढते, ही वाढली नाही. म्हणजे माणूस बसलेला आणि हात तेवढा हलत होता. पट्ट्याला वाटलं, चालतोय. आता सांग, वेखंड कुणाला लावतात? दोन कड्यांना काय बांधतात?"

बिभीषणच्या डोक्यात उशिरा उजेड पडला. "झोळी!"

"राहीबाई, बाळ कुणाचं?"

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. "पूजाचं, माझ्या लेकीचं. ती डेअरीत कामाला. स्टेलाताईंनी बजावलं हुतं, लेकरू आनू नका, मास्तरांना बाधंल. पन मास्तरच म्हनले, आना. मी भांड्याला बसले की ते दोरी वढायचे. म्हनायचे, 'राहीबाई, बसल्या जागी साडेतीन हजार! स्टेलाला सांगू नका, उद्या शिर्डीला पायी धाडंल!'"

स्टेला हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"शेवटच्या दिवशी?"

राजेश्वरीबाईंनी फोन तिच्यापुढे धरला. "तीन हजार सहाशे. नाडी बासष्ट. तुमच्या पप्पांचीच."

स्टेला डोळे पुसून राहीबाईंकडे वळली.

"बाळ कुठाय?"

"घरी, शेजारनीपाशी."

"घेऊन या."

राहीबाईंनी बाळ आणलं, कड्यांना लुगड्याची झोळी बांधली आणि त्याला आत निजवलं. स्टेलाने पट्टा मनगटावर चढवला, पप्पांच्या खुर्चीत बसली आणि दोरी ओढली.

आकडा सरकला: एक. बिभीषणने तो पाहिला. तिचं लक्ष झोळीकडे होतं.