साहेबांची कात

एका दुपारी साहेबांना पिशवीत घालून मी पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलो. साहेब म्हणजे आमच्या मुलीने पाळलेला तळहाताएवढा टॅरँटुला कोळी. दिवसभर बिळात बसायचं, काम काही करायचं नाही आणि कुणी जवळ गेलं की फिस्कारायचं, म्हणून तिने त्याला माझ्या जुन्या वरिष्ठांचं पद बहाल केलं होतं.

मुलगी आजारपणात गेली. साहेब राहिले. शेवटी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ती आईला म्हणाली होती, "त्याला जगव." बायको तेवढ्यासाठी उठत होती, दोन घास खात होती. साहेब गेले असते तर मागोमाग तीही गेली असती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि हा प्राणी कुठला, त्याला काय लागतं, याचा आम्हा दोघांना पत्ता नव्हता.

दुकानदार माझ्याइतकाच टकला होता. त्याने बॅटरीच्या उजेडात साहेबांना न्याहाळलं.

"आफ्रिकेतला आहे, काका. मागचे पाय बघा, खांबासारखे. अमेरिकेकडचे कोळी अंगावरचे केस झाडतात. हा त्या भानगडीत पडत नाही, सरळ चावतो. हात लावू नका."

"साहेबांना हात लावायची सवय मला नोकरीतही नव्हती."

त्याने साहेबांच्या डब्यातली जुनी माती फेकली आणि नव्या काचपेटीत नवी, चांगली खोल माती भरली. "बीळ तो स्वतः करेल. पाणी ठेवा, आठवड्याला एखादं झुरळ द्या. आणि उताणा पडला तर मेला समजू नका. कात टाकत असतो. त्या वेळी हलवलात, तर मात्र मरेल."

आमच्या ऑफिसात उताणे पडलेले लोक हलवूनही मरत नसत. पण हे मी मनातच ठेवलं.

पुढे साहेबांनी खाणं सोडलं. मग एका संध्याकाळी बायकोची हाक आली. "अहो... लवकर या."

काचेला लागून साहेब उताणे पडले होते. आठही पाय आखडलेले. बायकोचा हात पेटीत जायच्या बेतात होता.

"कुशीवर करू द्या तिला. श्वास लागलाय तिला..."

तिला. मी तिचं मनगट धरलं. "अगं, कात टाकतोय तो. हलवायचं नाही."

"तेव्हाही हेच म्हणाले होते डॉक्टर. हलवू नका. मी नाही हलवलं."

मी पडदे ओढले. खोलीत ओल्या मातीचा वास होता. आम्ही तिथेच जमिनीवर बसलो, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायचो तसे, खांद्याला खांदा लावून. अंधार दाटत गेला आणि मग तो आवाज आला. घुसमटलेला, ओढून घेतलेला, मध्येच थांबणारा.

"ऐकलंत...?"

"साहेब फिस्कारतायत."

"साहेब हलत नाहीयेत हो..."

खरंच हलत नव्हते. आवाज मात्र येत राहिला. बायको पुटपुटत होती, "घे, बाळा... सावकाश घे." मी डोळे मिटून घेतले. कधीतरी तो थांबला. मी बॅटरी लावली, तेव्हा रिकाम्या कातेशेजारी साहेब ओलसर, फिकट आणि जिवंत पडले होते.

काही दिवसांनी चिमट्याने कात काढून मी दुकानात नेली.

"मादी आहे," दुकानदार भिंगातून बघत म्हणाला. "तुमचे साहेब मॅडम निघाले, काका. जपलंत तर अजून पुष्कळ वर्षं जगेल."

मी आवाजाचं विचारलं. "छे. तोंडाजवळचे पाय घासून फिस्कारतो कोळी. कात टाकताना कसा घासेल?" मग तो थांबला. कातेला चिकटलेल्या जाळ्याच्या रेशमात एक केस विणलेला होता. काळाभोर, बोटभर. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं, मी त्याच्या.

बायकोचे केस पांढरेशुभ्र आहेत. मुलीचे उपचारांत सगळे गेले होते. उशीवरचा शेवटचा पुंजका उचलून ती हसत म्हणाली होती, "परत आले की कापणार नाही हं, बाबा."

यंदा मॅडमनी दुसरी कात टाकली. बिळाच्या तोंडाशी पुन्हा केस होते. वीतभर.

बायको आता पोटभर जेवते. तिने पेटीशेजारी मुलीचा कंगवा आणून ठेवला आहे. मी थट्टा केली नाही. रोज सकाळी मीच तो पुसून ठेवतो. ओला असतो.