बसल्याचा आवाज

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या काकूच्या बाबतीत घडलेली आहे, आणि काकू उगाच काहीबाही सांगणाऱ्यातली नाही. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

मार्च महिना. भर दुपार. लिलावाच्या हॉलमागची पॉलिशची खोली.

काका लिलाव पुकारतात. विकायला आलेल्या जुन्या फर्निचरला काकू पॉलिश करते. त्या दिवशी तिच्यापुढे महोगनीची खुर्ची होती. उंच पाठीवर कोरलेल्या द्राक्षवेली, रुंद हात, वेताची बैठक. इतकं नाजूक कोरीवकाम तिनं क्वचितच पाहिलं होतं.

खुर्ची घेऊन आलेली बाई चाळिशीची असेल. सासरे नुकतेच गेले, म्हणाली. पण बोलत होती दारातूनच. खोलीत पाऊल टाकेना.

"पॉलिश नाही झालं तरी चालेल," ती म्हणाली. "लवकर विका म्हणजे झालं."

काकूच्या मनात पाल चुकचुकली.

बाई गेल्यावर तिनं खुर्ची आडवी केली. हातांच्या खालून फडकं फिरवलं...

बोटं थांबली.

लाकडात खाच होती. पट्टा वर्षानुवर्षं एकाच जागी घासला की पडते, तशी. दुसऱ्या हातालाही तशीच.

पुढच्या दोन्ही पायांनाही...

काकूनं खुर्ची सरळ केली, मेण लावलं आणि हात धुवायला बाहेर नळावर गेली.

तेवढ्यात आतून आवाज आला.

कर्र...

जड अंगाचा माणूस खुर्चीत टेकतो, तसा.

हमालांपैकीच कुणीतरी असणार. काकू तिथूनच ओरडली, "ऊठ आधी. मेण ओलं आहे."



ती कान देऊन उभी राहिली. बसलेला माणूस उठला की खुर्ची पुन्हा करकरते.

ती करकरली नाही.

काकू आत गेली. खोली रिकामी. दुसरं दार नाही. मेणावर साधं बोटही उठलं नव्हतं.

पण वेताची बैठक मधोमध खाली वाकलेली होती... आणि वर येत नव्हती.

"ही विकू नका," ती काकांना म्हणाली. "म्हाताऱ्याला बांधून ठेवत होते त्या घरात."

"चार खाचांवरून?" काका म्हणाले. "माणूस गेला. आता कुणाला विचारणार?"

दुसऱ्या दिवशी लिलाव होता. काकूनं त्या बाईला कोपऱ्यात गाठलंच.

"सासरे बसायचे का हो या खुर्चीत?"

बाईनं नजर वळवली. "बसवायला लागायचं."

आणि ती लगबगीनं गर्दीत शिरली.

खुर्ची एका निवृत्त मास्तरांनी घेतली. आठवड्याभरात बाईचा काकूला फोन.

"ती खुर्ची परत मिळेल का?"

"लवकर विका म्हणणाऱ्या तुम्हीच ना?"

 बाईचा आवाज अगदी खाली आला...

"खुर्ची होती तोवर ते एका जागी तरी होते."

तिच्या मागून फरशीवर पाय ओढल्याचा आवाज येत होता. सावकाश. जवळ येणारा...

"घरात कोण आहे तुमच्या?"

"मी एकटीच आहे, ताई."

पावलं थांबली.

काकूनं लगेच मास्तरांना विचारलं. ते हसले. "खुर्ची झकास आहे. नातवंडं तिच्यावरून हटत नाहीत. परत कशाला देऊ?" तिथं ना आवाज, ना काही.

हे सांगायला काकूनं बाईला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला.

"हॅलो?"

 नुसता श्वास... जड, घरघरणारा. बाईमाणसाचा नव्हता तो.

त्यानंतर तो नंबर कधीच लागला नाही. काका म्हणतात, बदलला असेल.

 त्या बाईची कीव करायची की नाही, हे काकूला अजून ठरवता आलेलं नाही.

खरं सांगायचं तर, मलाही.